यंदा पडदे बदलत नाही

ईदसाठी सोनेरी आणि राखाडी ही रंगांची निवड माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या ईदनंतर आमच्या घरातली माणसं मला सांभाळून घ्यायला 'आपण ठरवलं', 'आपण आणलं' असं बोलायला लागली आहेत. आपण वगैरे काही नाही. मी ठरवलं. माझ्या नवऱ्याला, रुसलानला, विचारलं असतं तर त्याने मागच्या वर्षीचाच रंग सांगितला असता, आणि मागच्या वर्षी कुठला रंग होता हे त्याला आठवलं नसतं.

आमची बैठकीची खोली दहा बाय अकराची. शाह आलम शहरातली जुनी इमारत, चौथा मजला. दार उघडून दोन पावलं टाकली की माणूस सोफ्यावर बसलेलाच असतो, त्याची इच्छा असो वा नसो. पण ईदच्या महिन्यात सगळं गणगोत, शेजारपाजार, कामावरची माणसं याच खोलीत येऊन जातात, बिस्किटं खातात आणि चारी बाजूंना बघतात. बघायलाच येतात. रमजान लागला की आमच्या जिन्यात बायका एकमेकींना रोजे कसे चाललेत ते विचारत नाहीत, यंदा रंग कुठला ते विचारतात. मग त्या रंगाचे पडदे, त्या रंगाची उशांची कव्हरं, त्याच रंगाचे घरातल्या सगळ्यांचे कपडे. आमचं जांभळं वर्ष झालं, मोरपंखी झालं. एकदा कॉफीचा रंग झाला, तेव्हा समोरच्या दारातल्या सल्बियाताई म्हणाल्या होत्या, "बाई गं, पाहुण्यांना झोप येईल इथे."

मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या घरी एकदा काही कागद द्यायला गेले होते. भिंती राखाडी, आरशाला बारीक सोनेरी कड, टेबलाचे पाय सोनेरी, बाकी सगळं शांत. जेमतेम पाच मिनिटं उभी होते तिथे, पण घरी येईपर्यंत दुसरं काही सुचेना. आपली खोली अशी झाली तर आपणही जरा वेगळी बाई होऊ, असं काहीतरी डोक्यात बसलं. बेचाळिसाव्या वर्षी असलं काही वाटू नये, पण वाटलं ते वाटलं.

राखाडी रंग लबाड असतो. दुकानातल्या कार्डावर जो मऊ आणि उबदार दिसला, तो आमच्या भिंतीवर चढल्यावर ओल आल्यासारखा दिसायला लागला. दुसरा डबा आणला, तो निळसर निघाला. रुसलान रुग्णवाहिका चालवतो. ड्युटीवरून आला तो दारातच थांबला.

"मिदा, ही आपलीच खोली ना? मला वाटलं इस्पितळाच्या तळघरात आलो."

"अजून वाळायचाय."

"वाळला की सांग, पेशंट आणून ठेवतो."

तिसरा डबा जमला. सोनेरीचं दुखणं वेगळंच. लहान खोलीत सोनेरी जास्त झालं की सराफाचं दुकान होतं, कमी पडलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. आणलेला एक दिवा आणि दोन तसबिरी मी परत करून आले. उरला एक गोल आरसा, सोनेरी पायांचं छोटं टेबल आणि उशांच्या कडा. आरसा खिडक्यांसमोरच्या भिंतीवर लावला, तर खोलीत आणखी एक खिडकी आल्यासारखी वाटली. रुसलानने आरशात बघून केसांवरून हात फिरवला. "जमलं बघ," तो म्हणाला, "सोनेरी तू आणि राखाडी मी." त्या आठवड्यात मी फार खुशीत होते. खोटं कशाला बोलू?

राहिले पडदे. आणि पडदे म्हणजे माझी आई.

बातू कुरावजवळच्या आमच्या गावात ती चाळीस वर्षं पडदे शिवते आहे. नाव रुकय्या, पण 'पडदेवाली कियामावशी' म्हटल्याशिवाय गावात तिचा पत्ता सापडत नाही. रमजानच्या आधी दोन महिने तिच्याकडे कापडांचे गठ्ठे यायला लागतात, आणि पहिल्या रोजाला ती दारावर पाटी लावते, काम घेणे बंद. पाटी लागली की कुणाची ओळख चालत नाही. गावच्या मुखियाच्या बायकोलाही तिने एकदा दारातूनच परत पाठवलं होतं. माझ्या कामाला मात्र ही पाटी लागू नव्हती. माझा गठ्ठा सगळ्यात वर असायचा. आम्ही हे घर घेतलं त्या वर्षी ती स्वतः येऊन दोन्ही खिडक्या मापून गेली, आणि ती मापं तिने मशीनसमोरच्या भिंतीवर माझ्या नावाखाली पेन्सिलीने लिहून ठेवली. दरवर्षी तिचा फोन यायचा. "रंग?" एवढंच विचारायची. मी सांगायचे, ती ताइपिंगच्या बाजारातून कापड आणायची, आणि रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरबरोबर पार्सल यायचं.

तिचे पडदे कसे असतात तेही सांगायला हवं. वर कमानी, कमानींना गोंडे, खाली झालर आणि त्या झालरीवर आणखी एक झालर. गावातल्या मोठ्या लाकडी घरांना ते शोभतात. आमच्याकडे मात्र निम्मी खोली पडद्यांचीच व्हायची. सोफ्याच्या उजव्या टोकाला जो बसेल त्याच्या कानाला गोंडा लागायचा. सतरा वर्षं लागला. पाहुणे तो हाताने बाजूला करायचे, आम्ही हसायचो, आणि आईला मी कधी काही बोलले नाही.

राखाडी भिंतीवर त्या झालरी मी मनातल्या मनात लावून बघितल्या आणि तशाच उतरवून ठेवल्या. मला सरळ पडणारे पडदे हवे होते. कड्यांचे, वरपासून खालपर्यंत एका रेषेत.

आईला सांगता आलं असतं. आई, यंदा झालर नको, साधे शिव. सहा शब्द आहेत. ती म्हणाली असती, "मग पडदा कशाला, चादर टांग." दोन दिवस फणफणली असती, आणि शिवले असते तिने. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, ती ऐकणार नाही. बिनझालरीचा पडदा म्हणजे तिला पोराला चड्डीशिवाय बाहेर पाठवल्यासारखं वाटतं, ती कुठेतरी बोटभर झालर लावणारच. पण हीसुद्धा सबबच आहे. खरं असं आहे की मला तिच्या हातचे पडदे नकोच होते. मला दुकानातले हवे होते.

फोन आला.

"रंग?"

"आई, यंदा पडदे बदलत नाही मी. मागच्या वर्षीचे चांगले आहेत अजून."

पलीकडे मशीन चालू होती, ती थांबली.

"बदलत नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही गं. चांगले आहेत ना."

"रुसलान कसा आहे?"

"बरा आहे. कामात आहे."

"ईदला येताय ना?"

"पहिल्या दिवशी त्याची दुपारची ड्युटी लागली आहे. तिसऱ्या दिवशी येऊ."

"हं." मग म्हणाली, "नुरीन जेवते ना नीट?"

"न जेवायला काय झालंय तिला? सोळा वर्षांची घोडी झाली आहे."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी ती नातीची खुशाली नातीलाच विचारते.

नुरीन, माझी मुलगी, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "आजीला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं तर तिला वाईट वाटेल."

"आणि कळल्यावर?"

"कळणार कसं? ती काय इथे येते का ईदला? आपण जाणार तिकडे. फोटोत खिडकी येऊ द्यायची नाही, झालं."

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. एक गोष्ट तेवढी लक्षात आली नाही. आमच्याकडे ईदला घरातले पडदे बदलले नाहीत तर लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर घरात कुणी गेलं, नाहीतर नवरा-बायकोचं बिनसलं. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मी यांच्यातच जन्मले. पलीकडच्या जिन्यातल्या एकीने दोन वर्षांपूर्वी जुनेच पडदे ठेवले होते, तेव्हा सल्बियाताईंना कोपराने ढोसणारी मीच होते. सहा महिन्यांत ती बाई माहेरी गेली. पण तो नियम आपल्या घरालाही लागतो हे माणसाच्या डोक्यात येत नाही.

दुकानातले पडदे आले. राखाडी, कडेला केसाएवढी सोनेरी रेघ. लावले आणि खोली दोन हात मोठी झाली. मागच्या वर्षीचे, आईच्या हातचे, मी त्याच दिवशी इमारतीखालच्या, जुने कपडे दान करायच्या पेटीत टाकून आले. घरात ठेवायला जागा नव्हती हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी इतकी घाई करायची गरज नव्हती.

तेविसाव्या रोजाला, शनिवारी दुपारी, आईचा फोन आला. "मिदा, तुमची लिफ्ट बंद आहे का गं?"

मी खिडकीतून खाली वाकून बघितलं. आई उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला मोठा गठ्ठा. चार तास बसमधून आलेली, रोजा ठेवलेली, सदुसष्ट वर्षांची बाई. नुरीन तिला आणायला धावली. मी मात्र तिथेच उभी राहिले, हातात तो राखाडी पडदा धरून. चार मजले चढायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडे होता, आणि त्या वेळात मी एकच विचार करत होते की हे पडदे काढून कुठे कोंबू.

आई दारात आली. धापा टाकत होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, आधी दाराजवळच्या चपलांच्या मांडणीकडे बघितलं. रुसलानचे बूट तिथे होते. ते बघून तिने मोठा श्वास सोडला.

"रुसलान घरात आहे?"

"झोपलाय. सकाळीच ड्युटीवरून आला. तू अशी न सांगता..."

मग तिने मान वर केली आणि खोली बघितली. भिंती बघितल्या, आरसा बघितला, आणि शेवटी पडदे. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, पण समोर आरसा होता. त्यात ती मला दिसत होती. ती रागावलेली नव्हती. एखाद्याच्या घरी चुकून भलत्या वेळी गेल्यावर माणसाचं तोंड होतं तसं तिचं झालं होतं. हातातला गठ्ठा तिने खाली ठेवला आणि पायाने हळूच मांडणीच्या मागे सरकवला. वरच्या कागदाच्या फटीतून मला मलईच्या रंगाचं कापड दिसलं, आणि झालरीची दुहेरी चुणी.

"छान केलीस गं खोली," ती म्हणाली.

"अचानक ठरलं आई. दुकानात दिसले, म्हटलं..."

"हो, हो. सरळ पडतात. चांगले पडतात." ती पडद्याजवळ गेली. सवयीनेच तिने खालची कड उलटून बघितली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे शिवलेलंच नाही. पट्टी इस्त्रीने चिकटवली आहे. दोन धुण्यांत लोंबायला लागेल. राखाडी दोरा आहे का घरात?"

"राहू दे ना आई. रोजा आहे तुझा, इतक्या लांबून आलीस."

"हाताला कुठे रोजा असतो?"

नुरीनने कोपऱ्यावरच्या दुकानातून राखाडी दोरा आणला. आई जमिनीवर बसली. सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणाली, उशांची कव्हरं नवी आहेत, सुई टोचेल कुठे. पडदा मांडीवर घेऊन तिने तुरपाई सुरू केली. सुई ओवायला मात्र नुरीनला बोलावलं.

"आजी, तुला दिसत नाही का गं?"

"दिसतं सगळं. सुईचं भोक तेवढं दिसत नाही."

तासाभराने रुसलान लुंगी सावरत बाहेर आला आणि दचकला. "आई? तुम्ही कधी आलात?"

आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तू बरा आहेस ना रे?"

"हो. का?"

"घरीच असतोस ना?"

रुसलानने माझ्याकडे बघितलं. "ड्युटी नसली की घरीच. मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?"

आई हसली. डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने डोळे पुसत कितीतरी वेळ हसत राहिली. आणि तिथे उभ्या उभ्या मला सगळं समजलं. 'नुरीन जेवते ना नीट' का विचारलं होतं तेही समजलं.

रुसलान अंघोळीला गेल्यावर तिने स्वतःच सांगितलं. "मला वाटलं, गेला तो तुला टाकून. पडदे बदलत नाही म्हणालीस ना, त्या दिवसापासून झोप नाही मला. फोनवर विचारलं तर तू काय सांगणार? लहानपणीही पडलीस की गुडघा लपवायचीस." ती दोरा दाताने तोडत होती. "चौघींचे पडदे कापून तसेच पडलेत. दोघींचं कापड तर परत दिलं. बोंबलल्या मेल्या. म्हटलं, माझ्या लेकीचं घर मोडतंय आणि तुम्ही खिडक्या काय घेऊन बसलात?"

हे तिने गंमत सांगावी तसं सांगितलं. चाळीस वर्षांत तिने रमजानमध्ये कुणाचं कापड परत दिलं नव्हतं. आजोबा वारले त्या वर्षीही दिलं नव्हतं. त्या क्षणी मी तिच्याजवळ बसून बोलायला हवं होतं. आम्ही दोघीच होतो, नुरीन आत होती, घाई कसलीच नव्हती. मी म्हटलं, "तू पण ना आई!" आणि रोजा सोडायची तयारी करायला स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी सल्बियाताई वाटीभर लापशी घेऊन आल्या. त्यांची नजर आधी पडद्यांवर गेली, मग आईवर, मग माझ्यावर. त्यांचेही पडदे एका वर्षी आईनेच शिवले होते.

"अगं बाई, यंदा कियामावशींच्या हातचे नाहीत वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "मीच सांगितलं तिला. माझे डोळे आता साथ देत नाहीत, तू तयार घे म्हटलं. ऐकतच नव्हती. रडकुंडीला आली होती पोरगी."

"हो का? गुणाची आहे हो तुमची."

"आहेच."

रोजा सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि आई माझ्यासाठी खोटं बोलली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, लापशीची वाटी घेऊन आत गेली. खोटं बोलणं तिला किती जड जातं हे मला माहीत आहे. पुढे कितीतरी वेळ ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती.

ईदला इथेच राहा असं रुसलानने तिला सांगितलं, आणि ती राहिली. सोमवारी मी कामावरून आले तेव्हा चपलांच्या मांडणीमागचा गठ्ठा तिथे नव्हता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कशाचा होता हेही बोलावं लागलं असतं. तिने बहुतेक पिशवीत भरला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि, हे लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं वाटलं. पुढचे दिवस आम्ही दोघींनी मिळून बिस्किटं केली, मांस परतलं, माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुड्यांत भात शिजवला. ती खोलीत येताना हात पुसून यायची. सोफ्यावर एकदाही टेकून बसली नाही.

ईदच्या सकाळी आम्ही सगळे खालच्या प्रार्थनाघरात गेलो. मी आणि नुरीन राखाडी कपड्यांत, कडेला सोनेरी जर. आई तिच्या नेहमीच्या तपकिरी फुलाफुलांच्या कपड्यांत. बायकांच्या बाजूला शिरले आणि मी थबकले. बायका आणि पुरुष यांच्यामधे वर्षानुवर्षं एक विटलेला हिरवा आडपडदा होता. त्याच्या जागी मलईच्या रंगाचा नवा पडदा होता. वर कमानी, गोंडे, खाली दुहेरी झालर. बायका तो हातात धरून बघत होत्या.

"कियामावशींनी दिला," सल्बियाताई मला म्हणाल्या. "तू कामावर गेलीस की माझ्याकडे येऊन बसायच्या मशीनवर. चार पडदे होते, ते जोडून एक केला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या खिडक्यांच्या मापाचे होते गं. मी काही बोलले नाही त्यांना."

नमाज झाली. मी काय म्हटलं आणि काय नाही ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती झालर हलत होती, पंख्याच्या वाऱ्याने. मोठ्या खोलीत ती फार चांगली दिसत होती.

चार जिने चढताना मी ठरवलं. आता माफीची वेळ होती. ईदच्या सकाळी लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकून, त्यांचे हात हातात घेऊन माफी मागायची, हे आमच्याकडे प्रत्येक घरात होतं. वर्षभराचं जे काही असेल ते तेव्हा बोलून टाकायचं. मी पायरीपायरीला वाक्य जुळवत होते. आई, मी तुला पडद्यांचं खोटं सांगितलं. तुझ्या हातचे मला नको होते आणि ते तुझ्या तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत वाक्य पक्कं झालं होतं. चौथ्या मजल्यावर ते पाठही झालं होतं.

आई सोफ्याच्या कडेवर बसली, दोन्ही पाय जुळवून. आधी मी, मग रुसलान, मग नुरीन. रुसलानला दुपारी ड्युटीवर जायचं होतं, तो टोपी सरळ करत माझ्या मागे उभा होता. नुरीन फोनवर सगळं टिपत होती. मी गुडघे टेकले. आईचे हात हातात घेतले. उजव्या हाताच्या बोटाला सुईचे बारीक टोचे पडले होते.

"आई," मी म्हटलं, "कळत नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला माफ कर."

सहा वर्षांची असल्यापासून हे वाक्य मला पाठ आहे. सगळ्यांनाच पाठ असतं. ते बोललं की कशाचंही नाव घ्यावं लागत नाही. मी जुळवलेलं वाक्य घशात होतं, पण हे तयार होतं, आणि हेच बाहेर आलं.

"माफ केलं हो बाळा," आई म्हणाली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी उठायला लागले, पण तिने दुसऱ्या हाताने माझा हात धरून ठेवला होता.

"थांब. माझंही ऐक." ती हळू बोलत होती, मला एकटीला ऐकू जाईल एवढंच. "सतरा वर्षं तुझ्या एवढ्याशा खोलीत झालरी कोंबल्या मी. तुला नको होत्या, आणि मला कळलं नाही. दरवेळी रंग तेवढा विचारायचे. तुला कसे हवेत, ते काही मी कधी विचारलं नाही. मला माफ कर, मिदा."

तिने चूक नाव घेऊन सांगितली होती. माझं जे होतं ते तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि आता मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही आई, चूक माझी आहे, मी खोटं बोलले. ती वाट बघत होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, आणि ती खरोखर वाट बघत होती.

"काहीतरीच काय आई!" मी म्हटलं. "छानच असायच्या झालरी. मला तर आवडायच्या."

आई थोडी हसली.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने माझा हात सोडला, कारण मागे रुसलान थांबला होता.